तबकडीच्या वाटेतले माड

माझ्या हातून झालेलं सगळ्यात नीच काम मी भर दुपारी केलं, नंदाखालला, सख्ख्या आत्याच्या अंगणात बसून, तिच्याच हातचा चहा पीत.

मोबाइल तेव्हा नवे होते. एका कंत्राटदाराकडे मी मनोऱ्यांवर तबकड्या, म्हणजे डिश अँटेना, बसवायचो. लोकांना वाटायचं, आवाज वाऱ्यावर उडत जातो. कसला उडतोय! एका मनोऱ्यावरची तबकडी दुसऱ्यावरच्या तबकडीकडे टक लावून बघते, ती तिसरीकडे, असं टप्प्याटप्प्याने थेट मुंबईपर्यंत. मध्ये काही आलं की संपलं. नुसती नजर पोचूनही भागत नाही. ती लहर वाटेत फुगते, तिला आजूबाजूलाही मोकळं लागतं.

दुसरी तबकडी बसणार होती त्या बोळिंजच्या गच्चीवरून सहकाऱ्याने आरशाने ऊन चमकवलं, निर्मळच्या मनोऱ्यावरून मी दुर्बीण लावली. चमक दिसली, पण तीन माडांच्या शेंड्यांना घासून. माड मधल्या नंदाखालचे, आत्याच्या अंगणातले. तिच्या नवऱ्याने शेवटच्या आजारपणात लावलेले, एकाचाही नारळ त्याने पाहिला नाही.

तबकडी दहा फूट वर घेतली असती तर माड वाचले असते. पण मग वाढीव खांब मागवा, सही घ्या, महिनाभर थांबा. साहेब म्हणाले, नात्यातलीच आहे ना, पटव. मी पटवलं. दुसरा मार्गच नाही म्हणून सांगितलं, वर उद्या कोणी आजारी पडलं तर याच लहरींवरून डॉक्टर येईल, असंही ठोकून दिलं.

"तू सांगतोस ना?" एवढंच तिने विचारलं.

मी हो म्हणालो. दोन दिवसांत माड आडवे झाले.

दोन वर्षं होतात न होतात तोच त्याच रेषेत पाच मजली इमारत उभी राहिली. मजले उतरव म्हणून बिल्डरला सांगायला कोण जाणार? दोन्ही टोकांच्या तबकड्या मुकाट्याने वर घेतल्या. आता खांब आठवड्यात आले. निर्मळला मलाच पाठवलं.

उतरल्यावर आत्याकडे गेलो. कशाला गेलो, देव जाणे. माड गेल्यापासून तिला अंगणातून मनोरा स्वच्छ दिसायचा. तिने सगळं पाहिलं होतं.

चहा पुढे ठेवत ती म्हणाली, "तेव्हा नव्हती रे वर घेता येत?"

"नाही," मी म्हणालो.

तिने मान डोलावली आणि साखर पुरे आहे का ते विचारलं.