खुराड्याच्या वरची फट

माझ्या भावोजींची सगळी नोकरी बसमध्ये कंडक्टर म्हणून गेली. हिवाळ्यात प्रत्येक फेरीला त्यांनी एकच वाक्य ऐकलं, "अहो, ती खिडकी लावा." त्यामुळे कुठलीही उघडी खिडकी दिसली की त्यांचा हात आपोआप तिकडे जायचा. माझी ताई नेमकी उलटी. तिला कडाक्याच्या थंडीतही उशाशी खिडकी उघडी लागायची. त्यांच्या संसारातली निम्मी भांडणं त्या खिडकीपायी झाली, उरलेली कोंबड्यांपायी.

कोंबड्या ताईच्या. भावोजी त्यांना 'फुकटे प्रवासी' म्हणायचे. गेल्या उन्हाळ्यात ताई गेली आणि हे प्रवासी त्यांच्या गळ्यात पडले. मला वाटलं होतं, चार लोकांना वाटून मोकळे होतील. झाले नाहीत. उलट भल्या पहाटे उठून दाणे टाकायला लागले आणि दाणे टाकताना "पुढे सरका, पुढे सरका" म्हणायला लागले.

थंडी सुरू झाली आणि ताईची म्हातारी तपकिरी कोंबडी अवेळी अंड्यांवर खुडूक बसली. थंडीत पिल्लं काढणं म्हणजे नसती आफत. मी म्हटलं, अंडी काढून घ्या. त्यांनी घेतली नाहीत.

"हिचं हे शेवटचंच बसणं," ते म्हणाले. "तुझ्या ताईनं हाताने वाढवलेली ही एकच उरलीये. हिची दोन पिल्लं तरी जगायला हवीत."

सात निघाली. मी म्हटलं, घरात आणा, खोक्यात दिवा लावून ठेवा. तेही त्यांना पटलं नाही. आई असताना दिवा कशाला, आणि घरात वाढलेल्यांना बाहेरच्या कोंबड्या नंतर आपलं म्हणत नाहीत, हे ताईचं बोलणं त्यांना पाठ होतं. इथवर त्यांचं बरोबरच होतं. बाकीच्या कोंबड्या सुरुवातीला पिल्लांवर चोच उगारून आल्या, तेव्हा म्हातारी अशी फुगली की काळी दांडगी कोंबडीसुद्धा मुकाट बाजूला झाली. पिल्लं बाहेर चरायची, गारठली की म्हातारीच्या पोटाखाली शिरायची.

मग थंडी वाढली. फोनवर विचारलं की भावोजी म्हणायचे, "झकास आहेत सगळी." पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. आवाजावरून मला कळलं आणि रविवारी सकाळी मी जाऊन थडकले.

अंगणातल्या बादलीवर बर्फाचा पापुद्रा होता, आणि खुराड्याचं दार उघडलं तर आतून दमट वाफ आली. वासानं डोळे चुरचुरले. पत्र्यावरून थेंब ठिबकत होते, भुसा ओला झाला होता, पिल्लं शिंकत होती. दोन पिल्लं भावोजींनी आधीच कुंपणाशी पुरली होती, मला न सांगता. छपराखाली हातभर लांबीची फट होती, तिच्यात त्यांचा जुना खाकी कोट ठासून भरलेला.

"ही फट कुणी बुजवली?"

"मी. सुतारानं काम अर्धवट टाकलं होतं. सगळा वारा आत यायचा."

"सुतारानं नाही, ताईनं मुद्दाम ठेवायला लावली होती. मी तेव्हा इथंच उभी होते. एवढ्यांच्या श्वासाची वाफ जाणार कुठून? वारा अंगाला लागू नये म्हणून खालून बंद, वरून उघडं. कोरड्या असल्या की थंडीला त्या पुरून उरतात, ओलीनं मरतात."

त्यांनी कोटाची ओली बाही चाचपली. मग म्हणाले, "म्हणजे मीच मारली."

माझी जीभ तिखट आहे, हे नातेवाइकांत सगळ्यांना माहीत आहे. उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांचा चेहरा पाहून मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "आधी भुसा बदला."

कोट निघाला, कोरडा भुसा आला. तरी आणखी एक पिल्लू गेलं. चार राहिली. थंडी ओसरायच्या आत ती म्हातारीला सोडून मोठ्यांच्या दांडीवर चढून बसायला लागली.

परवा संध्याकाळी मी गेले तेव्हा खोलीत दात वाजत होते. ताईच्या उशाकडची खिडकी सताड उघडी आणि भावोजी स्वेटर, मफलर घालून पलंगावर बसलेले. मी खिडकी लावायला उठले.

"राहू दे," ते म्हणाले.

"थंडी नाही वाजत?"

"वाजते की," ते म्हणाले, आणि मफलर कानांवर ओढून घेतला.