पायाळू सून आणि हिब्रू ग्रंथांतली वीज

सहा मे १९४१. कुरडयांचं काम चाललं होतं. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक मी शिजवला, आणि सुनेनं अन् मी माळवदावर धोतर पसरून सोऱ्यानं कुरडया घातल्या. दुपारी ढग आले. मी खालून ओरडले, धोतर गोळा कर. सून जिन्यातच बसून राहिली. वीज चमकली तशी तिनं आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मी वर पोचेपर्यंत अर्ध्या कुरडयांचा लगदा झाला होता.

पाऊस थांबल्यावर विचारलं, तर म्हणाली, "मी पायाळू हाय. माहेरचे म्हनले, सांगू नको."

पायाकडून जन्मलेल्या माणसावर वीज पडते, अशी आमच्याकडची समजूत. ढग आले की तिला लहानपणापासून कोंडून ठेवत.

थोरल्या जाऊबाईंनी हे ऐकलं. त्यांचं म्हणणं, पोर फसवून दिली आहे, पावसाळ्याआधी कायमची माहेरी पोचवा, नाहीतर वीज घरावर येईल. मुलगा परभणीला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. ठरवायचं मलाच होतं. खरं सांगते, मलाही धास्ती वाटली. घरात सात माणसं.

गल्लीच्या टोकाला मुलींना शिकवणाऱ्या ख्रिस्ती मास्तरीणबाई राहत. त्यांचे वारलेले यजमान हिब्रू शिकलेले. त्या भाषेतल्या जुन्या धर्मग्रंथांतल्या गोष्टी बाईंना पाठ होत्या. मी जाऊन सरळ विचारलं, तुमच्या ग्रंथांत वीज कोणावर पडते?

बाईंनी तांदूळ निवडता निवडता सांगितलं. त्या ग्रंथांतल्या लोकांनाही विजेची भीती होतीच. देव डोंगरावर उतरला तेव्हा विजा चमकल्या आणि पायथ्याचे सगळे थरथर कापले. कुठे वीज म्हणजे शत्रूला उधळणारा देवाचा बाण, कुठे पावसाची सोबतीण. पण स्वतःच्या मनानं ती कुठेच जात नाही. देव तिला हातात धरतो, धाडील तिथे ती जाते, आणि हाक मारली की नोकरासारखी हजर होते.

मी विचारलं, "माणूस पायाकडून जन्मला का डोक्याकडून, हे ती बघते असं कुठं लिहिलंय का?"

बाईंनी एकेक ग्रंथ बोटांवर मोजून आठवला. मग म्हणाल्या, "नाही. कुठंच नाही. देव माणसाची वागणूक बघतो."

मला तेवढंच हवं होतं. देव त्यांचा वेगळा, आमचा वेगळा. पण वीज काही दोन ठिकाणची दोन नसते.

घरी येऊन सांगितलं, तर जाऊबाई म्हणाल्या, ते त्यांच्या देवाचं झालं. मग मीही मनात ठेवलं नाही. "पोळ्याला तुमची कंबर धरली तवा पायाळू मानूस हुडकत गाव पालथं घातलं. कंबर सुटावी म्हनून लाथ मारून घ्यायला पायाळू चालतं, अन् घरात ठेवायला न्हाई?"

त्यांचा हात कमरेवर गेला. पुटपुटल्या, "लाथ लागू पडली व्हती, ते खरं हाय." माहेरी पोचवण्याचं पुन्हा काढलं नाही.

सुनेनं दाराआडून सगळं ऐकलं होतं. तिनं विचारलं, "अन् ढग आले की?"

"ढग आले की समद्यांनीच आत यायचं. तू बी. माझ्याजवळ बसायचं, कोंडून घ्यायचं न्हाई."

त्या दिवशी ती पोटभर जेवली. मलाही हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लगदा गाईपुढे टाकला आणि नवे गहू भिजत घातले.