बघायला नको

माझ्या मामांना आमच्याकडे सगळे लिफ्टमामा म्हणतात, कारण त्यांचं अख्खं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं. माणूस हुशार, पण सरळ इतका की आपणच भिंतीवर डोकं आपटून घ्यावं. फोन आला की हत्यारांची पेटी उचलायची, तिथे जाऊन पहिला प्रश्न टाकायचा, "कधीपासून?" आणि मग कामाला लागायचं. जिथून तक्रार नाही तिकडे ते फिरकायचे नाहीत. चालत्या लिफ्टला हात लावणाऱ्याला ते मूर्ख समजत आणि तसं तोंडावर सांगतही.

ते निवृत्त झाले आणि मामींच्या बागेचे ग्रह फिरले. मामी लेकीच्या बाळंतपणाला गेल्या, जाताना बाग यांच्यावर सोपवून. आता झाड म्हटलं की एखादं पान पिवळं पडणारच. मामांना ती तक्रार वाटायची. लगेच झाड उपटायचं, मुळं उलटीसुलटी करून तपासायची, माती झटकायची, परत खोचायचं, वर बादलीभर पाणी. गुलाबाला तर त्यांनी इतक्या वेळा बाहेर काढलं की त्याला जमिनीत राहायची सवयच राहिली नाही. बघता बघता फाटकापासून पायऱ्यांपर्यंतचा सगळा उतार उघडाबोडका झाला. मांजरसुद्धा तिथे बसेना.

मामी फोनवर विचारायच्या, बाग काय म्हणते? मामा सांगायचे, मजेत आहे. पण समोरच्या काकूंच्या तोंडात तीळ भिजेल तर ना! त्यांनी मामींना सगळं कळवलं. मग मामींनी मला फोन केला. आवाज नेहमीसारखा शांत. म्हणाल्या, इथे जावई सकाळी विचारतो, झोप लागली का, तर पहिले काही दिवस मला कळेचना की तो कुणाला विचारतोय.

"बाळ चालायला लागलं की येईन," त्या म्हणाल्या. "उतारावर काही हिरवं दिसलं तर राहीन. नाहीतर मी आपली इथेच बरी. सांग तुझ्या मामांना."

मी सांगितलं. "ती असं बोलत नाही गं," मामा एवढंच म्हणाले. घाबरले होते, आणि मला वाईट वाटलं, पण मामी एकदाच्या बोलल्या म्हणून थोडं बरंही वाटलं. आमच्या मामींनी जन्मात कधी डोकं दुखतंय असंही सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना नर्सरीत घेऊन गेले. नर्सरीवाल्याने आधी काय काय मेलं ते ऐकून घेतलं आणि मामांच्या हातांकडे जरा धास्तीनेच पाहिलं. मग त्याने एक झुडूप पुढे केलं. बारीक गडद पानांचं, बाराही महिने हिरवं. वीतभर वाढून थांबतं आणि मग नुसतं आडवं पसरतं, जमीन झाकून टाकतं. छाटणी नको, खत नको. तो स्वतः येऊन रोपं लावून गेला, मधली माती झाकायला झाडाच्या सालींचे तुकडे पसरले, पहिल्या वर्षी अधूनमधून पाणी द्या म्हणाला. आणि फाटकातून बाहेर पडताना, देवाने त्याला का बुद्धी दिली कोण जाणे, मागे वळून म्हणाला, "बाकी याच्याकडे बघायलासुद्धा नको."

मामांनी जागच्या जागी पाठ फिरवली.

मी म्हटलं, मामा, त्याचा अर्थ बघायची गरज नाही. मामा म्हणाले, नको म्हणजे नको. उमेदवारीत असताना मिस्त्रीने त्यांना एका तारेबद्दल सांगितलं होतं, हात लावायला नको. यांनी माझ्यासारखाच अर्थ काढला, गरज नाही असा, आणि हौसेने लावला. दुपारभर हात बधिर होता. तेव्हापासून 'नको' या शब्दाशी त्यांनी वाद घातला नाही. नर्सरीवाल्याला फोन करून विचारू, म्हटलं, तर म्हणाले, त्याने एकदा सांगितलंय, सारखं सारखं काय विचारायचं.

त्या दिवसापासून घराचं तंत्रच उलटं झालं. पुढच्या खिडक्यांना जाड पडदे लागले. मामा फाटकातून आत येताना तोंड कुंपणाकडे करून खेकड्यासारखे तिरके चालत. मलाही तसंच चालायला लावलं, आणि मीही चालले, कारण पुन्हा मेलं तर खापर माझ्या माथ्यावर फुटलं असतं. आरशातून बघणं म्हणजे बघणं धरायचं का, यावर एक अख्खी सकाळ गेली. धरायचं, असं ठरलं. पोस्टमन बिचारा भला माणूस. काही न विचारता टोपी डोळ्यांवर ओढून यायचा आणि पायरीला ठेचकाळून जायचा.

पाणी घालणं हा वेगळाच तमाशा. मामा उताराकडे पाठ करून उभे राहत, खांद्यावरून नळी मागे धरत आणि कान टवकारत. मातीवर पडलं तर आवाज दबका, फरशीवर पडलं तर खणखणीत. "ही माती," म्हणायचे, "ही माती, ही फरशी, ही..." ही समोरची काकू निघाली. चौकशीला म्हणून फाटकाशी आली होती, नखशिखांत भिजली. मामांनी न वळताच माफी मागितली. काकू हात झाडत म्हणाली, याचं डोकं फिरलंय, आणि घरी जाऊन कपडे बदलून स्वतःच्याही खिडकीला पडदा लावून बसली. न जाणो, लांबून बघितल्यानेही काही व्हायचं.

मला राग यायचा. एका झुडपासाठी एवढा जीव टाकणारा माणूस, तिकडे बायकोला एक फोन करून ये म्हणायला काय जातं? एकदा तसं बोलूनही टाकलं. मामा नळी गुंडाळत होते. म्हणाले, काही हिरवं असल्याशिवाय कोणत्या तोंडाने बोलावू? कपाळ माझं!

बाळ चालायला लागलं. मामी आल्या, हातात दोन बॅगा. गाडीतून उतरल्या तर नवरा फाटकाशी उभा, इस्त्रीचा शर्ट घालून, बागेकडे पाठ करून, डोळे घट्ट मिटून. मी कुंपणाकडे तोंड करून. समोर काकूंचा पडदा हलत होता.

मामींनी दोन्ही बॅगा खाली ठेवल्या. मामांनीच घाबरत विचारलं, "हिरवं आहे का गं?"

"म्हणजे? तुम्ही पाहिलं नाही?"

मग मीच सगळं सांगितलं, नको या शब्दापासून काकूंच्या अंघोळीपर्यंत. आणि सांगता सांगता वळले. फाटकापासून पायऱ्यांपर्यंत सगळा उतार गच्च हिरवा, कुठे बोटभरही माती दिसेना. झुडूप पायरीवर चढायला निघालं होतं. मला इतका आनंद झाला की मी मामांना गदागदा हलवलं. मामांनी एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि लहान मुलासारखे हसले.

मामी तर पायरीवर बसून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पदराने डोळे पुसले. पुसताना हसणं थांबलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "आणि माझ्याकडे बघायला नको, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

मामांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं. ते बुटांच्या टोकांकडे बघायला लागले.

"तुझी कधी तक्रारच आली नाही," ते म्हणाले.

"आता आलीये असं समजा."

मामांनी खिशातून चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, डोळ्यांवर चढवला. मामींच्या खालच्या पायरीवर बसले आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग जन्मभर परक्या लोकांना विचारत आले तसंच, पण अगदी हळू विचारलं, "कधीपासून?"

मामी सांगायला लागल्या. मी दोन्ही बॅगा उचलून आत नेल्या.