शेठचा पत्रा आणि आगीचा बाटला

ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात दोन गोष्टी आपोआप साठतात. धूळ आणि किस्से. धूळ मी रोज सकाळी झाडते. किस्से मात्र झाडले की दुप्पट होतात, कारण ज्याला सांगावा तो आपला एक घालून परत पाठवतो. आमच्याकडे तर एका बाटल्यावरून एवढे झालेत की मी हल्ली चहा मागवल्याशिवाय सुरूच करत नाही.

ऑफिस म्हणजे काय, तर घणसोली गावातला एक गाळा, एक टेबल, एक पंखा आणि मी, सुनीता. मालक जनार्दनशेठ, मूळचे गावातलेच. जमिनी नव्या शहरासाठी सरकारने घेतल्या, चाळीच्या खोल्या भाड्याने दिल्या, पोटाची चिंता नाही. पिकअप गाडी ही त्यांची हौस. पोट त्यावर चालतं ते ड्रायव्हर इक्बालभाईंचं. त्यांना पैसे खेपेवर मिळतात, आणि रोजची खेप एकच, उरणच्या गोडाऊनची.

तर त्या गोडाऊनमध्ये नवीन सेफ्टीवाल्या मॅडम आल्या. त्यांनी फर्मान काढलं की प्रत्येक पिकअपच्या मागे, माल ठेवायच्या हौद्यात, आग विझवायचा बाटला पाहिजे, आणि तोही पक्का बसवलेला. नसेल तर गेट बंद.

बसवायचा म्हणजे चार भोकं, चार बोल्ट, वीस मिनिटांचं काम. मी शेठना तसं सांगितलं. शेठनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या सुनेचे कान पुन्हा टोचायला निघाले होते.

"सुनीता, काय पन कर. गारीला भोक नाय पारायचा."

कारण होतं हो! आधीच्या पिकअपला कुणीतरी टूलबॉक्ससाठी एक भोक पाडलं होतं. खाडीची खारी हवा त्यातून शिरली आणि हौदा कुजत गेला, तो पार वाशीच्या मार्केटात टोमॅटो खालून गळायला लागेपर्यंत. तेव्हापासून शेठचा ड्रिलमशीनवर राग. नव्या गाडीची नंबरप्लेट बसवताना शोरूमवाल्याने स्क्रू आवळले, तर शेठ पाठ करून उभे राहिले होते.

*

पहिला उपाय शेठचाच. नायलॉनची दोरी.

बाटला हौद्याच्या कडेच्या हुकाला बांधला. शेठनी स्वतः गाठ मारली, वर आम्हाला ऐकवलं की आमच्या वाडवडलांनी होड्या बांधल्यात. होड्या पाण्यात असतात, त्यांना स्पीडब्रेकर लागत नाहीत, हे मी मनात म्हटलं.

तिसऱ्या स्पीडब्रेकरला गाठ सुटली. तिथून उरणपर्यंत बाटला हौद्यात इकडून तिकडे लोळत होता आणि इक्बालभाईंना वाटत होतं मागे कुणीतरी चढून दार वाजवतंय. दोनदा उतरून बघून आले बिचारे. गेटवर मॅडमनी बाटला कुठाय विचारलं, तेव्हा तो तांदळाच्या गोण्यांखाली जाऊन बसला होता.

इक्बालभाई म्हणाले, "आहे मॅडम. फक्त आग लागायच्या आधी माल उतरवावा लागेल."

*

मग शेठ वाशीला गेले आणि लोहचुंबक घेऊन आले. चांगलं दणदणीत, पोळपाटाएवढं. दुकानदाराने सांगितलं होतं की हे क्विंटलभर वजन उचलतं. उचलतं ते खरं असेल. पण उभ्या पत्र्यावर ते बाटल्यासकट सावकाश खाली घसरतं, हे सांगायला तो विसरला.

घसरताना त्याने वरपासून खालपर्यंत अशी सरळ रेघ ओढली की सुताराला पट्टी लावूनही जमली नसती. भोक पडलं नव्हतं, पण शेठ दोन दिवस जेवले नाहीत म्हणे. तिसऱ्या दिवशी त्या रेघेवर 'आईचा आशीर्वाद' असा उभा स्टिकर लागला. आजही आहे. लोक हात जोडतात त्याला.

*

चुंबकानंतर शेठनी हौद्याचा नादच सोडला. बाटला केबिनमध्ये ठेवा म्हणाले, ड्रायव्हरच्या शेजारी. सीटवर उभा केला आणि हलू नये म्हणून त्याला सीटबेल्ट लावला.

उरण रोडला हवालदाराने गाडी अडवली. आत वाकून बघितलं. बाटल्याला बेल्ट होता. इक्बालभाईंना नव्हता.

हवालदाराने पावती फाडली आणि बाटल्यावर थाप मारून म्हणाला, "दोघांत निदान एकाला तरी अक्कल आहे."

आणि गेटवर मॅडमनी गाडी परत पाठवली ती पाठवलीच, कारण नियम हौद्याचा होता. वर बजावलं की येत्या सोमवारी शेवटचं बघेन, मग ही गाडी कायमची बंद.

इक्बालभाई परत आले आणि गाडीची चावी माझ्या टेबलावर ठेवून समोर बसले. एरवी हा माणूस टायर फुटला तरी जोक करतो. मला म्हणाले, "ताई, उरण गेलं तर मी काय चालवू? शेठची हौस?" मला खरंच वाईट वाटलं, आणि शेठचा रागही आला. पत्र्याला भोक नको म्हणून माणसाच्या पोटाला पाडायचं, हा कुठला न्याय!

*

शेवटी मीच डोकं लावलं. शेठच्या घरचा जुना दिवाण मोडीत निघाला होता, त्याची जाड फळी मागून घेतली. हौद्याच्या रुंदीला अगदी घट्ट बसेल अशी कापून घेतली, दोन्ही टोकांना जुन्या ट्यूबचं रबर, आणि केबिनच्या मागे आडवी ठोकून बसवली. वरून माल आवळायचे पट्टे दोन्हीकडच्या हुकांना ताणले. बाटल्याची ब्रॅकेट फळीला बोल्टने पक्की. भोकं पडली ती दिवाणाला, पत्र्याला एकही नाही.

शेठ हौद्यात चढले, फळीला लाथ मारून बघितली, हलली नाही. खूश झाले. संध्याकाळपर्यंत अख्ख्या आळीत बातमी होती की जनार्दनशेठनी काय आयडिया काढली! मी म्हटलं असू दे. दिवाण त्यांचाच होता.

*

पण आमच्याकडे सुख टिकत नाही. दुसऱ्याच दिवशी ब्रॅकेट रिकामी, बाटला गायब.

शोधाशोध केली तर तो समोरच्या सोसायटीच्या जिन्यात, छान पुसून, खिळ्याला टांगलेला. सेक्रेटरींना विचारलं, तर अजिबात न लाजता म्हणाले की आज सोसायटीचं फायर इन्स्पेक्शन आहे, दुपारी आणून देतो. आणि खरंच आणून दिला. वर म्हणाले की साहेबांना आमची तयारी फार आवडली.

शेठनी त्याच दिवशी साखळी आणली. बाटल्याच्या पोटाभोवती दोन वेढे, फळीतून आरपार, वर हे एवढं कुलूप. किल्ली? ती त्यांनी गळ्यातल्या सोन्याच्या चेनमध्ये ओवली. मी विचारलं की आग लागली तर? शेठ म्हणाले, "मी हाय ना."

*

शनिवारी शेठच्या पुतण्याची हळद. आमच्या गावात हळद म्हणजे लग्न परवडलं. मंडप, डीजे, पाचशे माणसं, आणि मंडपाच्या मागे भाड्याचा जनरेटर. पिकअप तिथेच, भांडी आणायला लावलेली.

डीजे रंगात आला होता आणि जनरेटरमधून धूर निघाला. मग जाळ. जाळाला लागून मंडपाचा पडदा. मी ओरडले, इक्बालभाई धावले, आणि दोघंही एकदमच त्या कुलुपासमोर थांबलो.

मी शेठना शोधायला मंडपात घुसले. शेठ स्टेजवर, चार जणांच्या खांद्यावर, अंगभर हळद, दोन्ही हात वर, चेन तालावर उडतेय. मी खालून गळ्याकडे बोट दाखवत किल्ली, किल्ली ओरडले. डीजेपुढे कुणाचं काय ऐकू येणार? शेठनी मला हात केला. त्यांना वाटलं मी पण नाचतेय.

परत धावले तर इक्बालभाई स्टिअरिंगवर बसलेले. हौद्याचा मागचा फाळका पाडलेला. "ताई, वर चढा," एवढंच म्हणाले. मी हळदीच्या साडीत हौद्यात चढले, आणि या माणसाने गाडी रिव्हर्समध्ये घातली, थेट जाळाच्या दिशेने. रिव्हर्सचा हॉर्न भजन वाजवतोय, मी अजून मागे, अजून मागे ओरडतेय. धग तोंडाला लागली तशी थांबा म्हटलं, साखळीतल्याच बाटल्याची पिन ओढली, पाइप धरला आणि दाबला. सगळी पावडर रिकामी केली.

जाळ गेला. पडद्याची एक कड काळी झाली, बस.

धूर बघून शेठ आले. पिवळेधमक आले, आणि पावडर बसून वरून पांढरे झाले. जनरेटरकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं नाही. गाडीला एक फेरी मारली आणि विचारलं, "ओरखरा नाय ना परला?"

*

सोमवारी बाटला भरून, पुसून, पुन्हा साखळीत. कागद दाखवायला मीही इक्बालभाईंबरोबर उरणला गेले. खरं सांगते, बारावीच्या निकालाला एवढी धडधड नव्हती.

मॅडम हौद्यात चढल्या. फळी हलवून बघितली, पट्टे ओढून बघितले, बाटल्याचा दाबाचा काटा बघितला, हिरव्यात होता. मान डोलावली. मग त्यांची नजर कुलुपावर गेली. किल्ली कुठाय म्हणाल्या. इक्बालभाईंनी खरं ते सांगितलं, की शेठच्या गळ्यात, घणसोलीला.

मॅडमनी पेन बंद केलं.

"मग आग लागली तर हा बाटला आगीपर्यंत नेणार कसा?"

"बाटला कशाला न्यायचा मॅडम," इक्बालभाई म्हणाले, "गाडी नेतो ना. परवाच नेली." आणि शनिवारची हकिगत सांगितली, भजनासकट.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. माझ्या कोपरावर अजून हळद होती. त्यांनी पेन उघडलं, पासवर सही केली आणि आज संध्याकाळपर्यंत कुलूप निघालं पाहिजे म्हणून दम दिला. मग गार्डला हाक मारली.

"गाडी आत घे. आणि कुलूप निघेपर्यंत आपल्या जनरेटरशेजारी उभी कर."