साबणानं धुतलेली नळी

भामरागडच्या जंगलातल्या पोलीस कॅम्पवर मेडिकल हवालदार म्हणून रुजू झालो आणि पहिल्याच दिवशी पराक्रम केला. औषधपेटीतल्या काचेच्या साऱ्या नळ्या साबणानं दोनदा धुतल्या आणि खिडकीत एका ओळीत फॉल-इन करून ठेवल्या. कंपनी कमांडर म्हणाले, "शाब्बास." मी छाती फुगवली.

पावसाळा होता. पूल पाण्याखाली, रस्ता बंद. एका सकाळी रोलकॉलनंतर कॉन्स्टेबल मडावी लाकडं आणायला गेला आणि लंगडत परतला. घोट्यावर दोन टोचे.

"घोणस होती?"

"शेपटीच दिसली, भाऊ. तिच्यावर नाव नाई लिहिलं."

हसला खरा, पण ओठ सुकले होते. दिवाळीनंतर त्याचं लग्न होतं.

रक्त गोठतं ते पहारेकऱ्यांच्या साखळीसारखं. जखम झाली की एक संत्री जागा होतो, तो दुसऱ्याला उठवतो, दुसरा तिसऱ्याला. शेवटी जाळं पडतं आणि भोक बुजतं. काहींच्या अंगात एखादा संत्री जन्मापासूनच गैरहजर असतो. त्यांचं वाहणारं रक्त लवकर थांबत नाही. घोणशीचं विष मात्र सगळ्यांना एकदम खोटा अलार्म देतं. दारूगोळा फुकट उडतो, आणि खऱ्या जखमेच्या वेळी मॅगझिन रिकामं.

ओळखायची रीत सोपी. ताजं रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, मग नळी आडवी करायची. वाहिलं तर विष. मडावीचं पाण्यासारखं वाहिलं. मी वायरलेसवर तालुक्याच्या डॉक्टरांना कळवलं.

"नळी कोरी होती? ओव्हर."

"एकदम स्वच्छ, सर. साबणानं दोनदा धुतलेली. ओव्हर."



"साबण लागलेल्या काचेत चांगलं रक्तही गोठत नाही, हवालदार. तुमची नळी मलाही साप चावला म्हणेल. ओव्हर."

विषावरचं औषध एकालाच पुरेल एवढं होतं, आणि तेही कधी कधी अंगावर उलटतं. अंदाजानं टोचायला डॉक्टर तयार नव्हते. मी इंजेक्शनच्या पाण्याची सीलबंद काचेची कुपी फोडली, रिकामी केली, धगीवर सुकवून थंड केली. मडावीनं दुसरा हात पुढे केला.

"घ्या, भाऊ. आता इले तरी आंघोळ नका घालू."

पुन्हा वाहिलं. आता शंका नव्हती. औषध सुरू केलं.

सहा तासांनी नवी कुपी. टेबलाभोवती अख्खी कंपनी, पण टेबलाला कोणी हात लावेना. वेळ झाली. कुपी आडवी केली. रक्त हललं नाही. उलटी केली. थेंब पडला नाही.

"गोठलं, सर! ओव्हर!"

पुढचं डॉक्टरांना ऐकूच गेलं नसेल. लंगरचा कुक पळी घेऊन नाचत होता. मडावी पडल्या पडल्या म्हणाला, "काऊन ओरडून राह्यले? रक्त माह्यं हाय."

मग कोणीतरी आमच्याच कंपनीतल्या नाईक कोवेचं नाव घेतलं आणि कुकनं पळी खाली ठेवली. मागच्या पावसाळ्यात त्याच्या पायात काटा रुतला, असं तोच म्हणाला होता. हिरड्यांतून रक्त आलं, थांबेना, तेव्हा सगळ्यांनी दाढ समजून लवंग दिली. तो गेला, आणि गावात लोक म्हणाले, करणी झाली.

सुट्टीवर माझ्या गावी, सावलीला, घरी आलो आणि बायकोला सगळं रंगवून सांगितलं. ती पोट धरून हसली.

"घरी कधी कपबशी नाई इसळली, अन् तिथी नळ्या घासून राह्यले होते!"

मग पदरानं डोळे पुसत थांबली.

"मडावीच्या लग्नाले जाऊच. पण आधी कोवेच्या मायकडे चला. पोराले करणी नाई, साप चावला होता, हे तिले कोणी सांगितलं का?"