झबल्याला डांबरगोळ्यांचा वास होता

मुलाचं बारसं होऊन दोनच दिवस झाले होते. जेसल पार्कच्या आमच्या घरात सकाळी त्याचा लंगोट बदलायला घेतला आणि हात तिथेच थांबला... लघवीचा डाग काळपट होता, कोऱ्या चहासारखा.

खिडकीपाशी उजेडात नेलं तर अंग पिवळं, ओठ पांढरट. दूधही धड ओढत नव्हता. राजेशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, रिक्षा आणली आणि आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी निघालो. सासूबाईही बरोबर आल्या.

ही गोष्ट दोन हजार चार-पाचच्या सुमाराची. माझी आई आजारी होती म्हणून बाळंतपण सासरीच झालं, आणि सासूबाईंनी माझं सगळं केलं... अगदी आईच्या वर.

त्या मूळच्या रत्नागिरीकडच्या. सासरे गेल्यावर गावचं घर बंद करून आमच्याकडे आल्या, तेव्हा एक लोखंडी पेटी घेऊन आल्या होत्या. तिच्यात राजेशची लहानपणची झबली, टोपडी, दुपटी. दर वर्षी नव्या डांबरगोळ्या घालून जपलेली. बारशाच्या दिवशी त्यांनी ती बाहेर काढली आणि तेव्हापासून बाळ त्याच कपड्यांत होतं. मलाही बरं वाटलं होतं, बापाचं झबलं लेकाच्या अंगात... वास येत होता, पण तो वास कुणाच्या घरातल्या कपाटाला नसतो?

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर मॅडमनी बाळाला तपासलं. मग दुपटं उचलून नाकाशी नेलं.

"हे कपडे कुठे ठेवले होते?"

उत्तर सासूबाईंनी दिलं. थोड्या अभिमानानेच. "पेटीत. इतकी वर्षं झाली, एक भोक पडू दिलं नाही."

"डांबरगोळ्या घालून?"

"हो तर."

मॅडमनी तिथल्या तिथे सगळे कपडे काढायला लावले आणि बाळाला हॉस्पिटलच्या चादरीत घेतलं. रक्ताचे रिपोर्ट आल्यावर आम्हा तिघांना बसवून समजावलं. बाळाच्या रक्तात जन्मापासूनच एक एन्झाइम कमी आहे. एरवी त्याने काही बिघडत नाही, पण अशा बाळाच्या अंगात डांबरगोळ्यांची वाफ गेली की लाल पेशी फुटायला लागतात. तेच झालं होतं.

"पण गोळ्या तर मी काढून टाकलेल्या," सासूबाई म्हणाल्या. "कपडे झटकून घेतलेले."

"आजी, ती गोळी वितळत नाही, तिची थेट वाफ होते. ती वाफ कपड्यात मुरते. झटकून जात नाही."

संप्लवन... शाळेत शिकले होते मी. घन पदार्थ द्रव न होता सरळ वायू होतो. उदाहरणार्थ कापूर, डांबरगोळी. पेपरात लिहून मार्कही मिळवले होते. कपाटातली गोळी बारीक होत होत नाहीशी होते, ती जाते कुठे, हा प्रश्न मात्र कधी पडला नव्हता. ती माझ्या बाळाच्या श्वासात गेली होती.

"आई, कशाला काढलंस ते सगळं?" राजेश एवढंच म्हणाला. आवाजही चढवला नाही.

बाळाला निळ्या लाइटखाली ठेवलं. रक्त चढवावं लागलं. एवढ्याशा हाताला सुई लावलेली बघणं... असो. ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. सासूबाई बाहेरच्या बाकावर बसून राहायच्या. आत याच म्हटलं तरी यायच्या नाहीत.

हळूहळू रंग परतला. बाळ नीट दूध प्यायला लागलं, आम्ही घरी आलो. पण सासूबाई काही त्याच्याजवळ येईनात. माझं जेवणखाण करायच्या, पाणी तापवून द्यायच्या, आणि खोलीच्या दारात उभ्या राहून लांबून बघायच्या. "घ्या ना," म्हटलं तर "नको, तुझ्याकडेच असू दे." राजेशचं बोलणं मनाला लागलंय असं मला वाटलं. माझ्याही मनात राग होताच थोडा... मीही आग्रह केला नाही.

मग एक दिवस दुपारी त्या शेजारच्या हंसाबेनबरोबर केबिन रोडच्या बाजारात गेल्या. आल्यावर काहीतरी धुऊन गॅलरीत वाळत घातलं. मी पडूनच होते, लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून त्या दारात आल्या. अंगात गाउन होता. फिकट निळा, बारीक फुलांचा, एका हाताने गळ्याशी घट्ट धरलेला.

आमच्या सासूबाई झोपतानाही साडीत असायच्या. मुलासमोर पदर कधी ढळू दिला नाही.

"माझ्या साड्यांना सगळ्यांना तो वास आहे गो," त्या म्हणाल्या. "कपाटातल्याच ना त्या. दोनदा धुतल्या, जात नाही. हा नवीन आहे. धुतलाय पण." आणि मग अगदी हळू, "आता घेऊ काय त्याला?"

मी उठून बाळाला त्यांच्या हातात दिलं. त्या खाली जमिनीवरच बसल्या, त्याला मांडीवर घेतलं, आणि पदर नव्हता म्हणून गाउनच्या बाहीने डोळे पुसले.

मुलगा आता मोठा झालाय. काही औषधं त्याला चालत नाहीत, एवढं सांभाळलं की झालं. सासूबाई राहिल्या नाहीत. कुणाच्या घरी बाळंतीण असली की मी विचारतेच, बाळाचे कपडे डांबरगोळ्यांत ठेवलेले नाहीत ना... लोकांना विचित्र वाटतं, वाटू दे.

त्या दिवसांत सासूबाईंना कुणी लांब राहा म्हटलं नव्हतं, की जवळ कसं यायचं तेही सांगितलं नव्हतं. वाट त्यांनी एकटीने शोधली. आई, तुमचे आभार.