चौकोनाबाहेरची आत्या

धाकट्या बहिणीच्या हळदीचा फोटो इन्स्टावर टाकायचा म्हणून चौकोनात बसवत होते. चौकट एकीकडे सरकवली की मामा जात होते, दुसरीकडे सरकवली की आत्या. आमची आत्या विधवा. शुभकार्यात आपणहून कडेला उभी राहते. आता शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "मला काप गं, त्यात काय एवढं."

कापलं. रंग उजळले, हळद झळाळली. बोट मात्र पुढे जाईना. कुणी न सांगता कडेला सरकायची सवय माणसाला कशी लागत असेल? फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. आत्या गेली होती, पण नवरीनं स्वतःच्या खांद्यावर ओढून घेतलेला आत्याचा हात तिथंच होता.

"तेवढा पुसता येतो का बघ," आत्या म्हणाली.